हजार पत्रे आणि दोन नट : ‘ओझ’च्या दुसऱ्या भागाची हकीकत



शिकागो या शहराचे नाव कामगार चळवळीतल्या माणसाच्या कानांवर प्रथम पडते ते मे दिनाच्या निमित्ताने. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी तेथे संप झाला, हेमार्केट चौकात बाँब फुटला, आणि पुढच्या वर्षी चार कामगार पुढाऱ्यांना फाशी देण्यात आले. १८९४ साली पुलमनच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातला प्रसिद्ध संप झाला तोही तेथेच. या दोन घटनांच्या मधोमध, १८९१ साली, एक पस्तिशीच्या घरातला अपेशी गृहस्थ आपली बायको आणि चार मुलगे घेऊन पोटासाठी शिकागोत येऊन दाखल झाला. दक्षिण डाकोटातील अ‍ॅबरडीन या गावी त्याने दुकान काढले होते, ते बुडाले. वर्तमानपत्र चालवले, तेही बंद पडले. शिकागोत आल्यावर तो चिनीमातीच्या आणि काचेच्या भांड्यांचा फिरता विक्रेता झाला. या गृहस्थाचे नाव लायमन फ्रँक बॉम. त्याने १९०० साली लिहिलेली ओझच्या जादूगाराची गोष्ट आज जगभरच्या मुलांना ठाऊक आहे.

आज आम्ही त्या पहिल्या गोष्टीवर बोलणार नाही. तिच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांला बोलायचे आहे ते तिच्या दुसऱ्या भागावर.

कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी थोडा वेळ उभे राहावे. बारा-चौदा वर्षांची मुले अद्भुत कथांच्या मालिकेतला पहिला भाग परत करतात ती दुसरा हातात घेण्यासाठीच. दुसरा परत करताना मात्र त्यांतली काही जण तिसरा मागावा की नाही या विचारात पडलेली दिसतात. “पहिल्यासारखी मजा नाही आली,” एवढेच ती सांगतात. मोठी माणसे या तक्रारीकडे लक्ष देत नाहीत, कारण ती मुलांची आहे. आम्हांला मात्र ही तक्रार विचार करण्याजोगी वाटते. पुस्तक आकाशातून पडत नाही. ते कोणी तरी लिहितो, कोणी तरी चित्रे काढून सजवतो, कोणी तरी छापतो आणि कोणी तरी विकतो. माल बिघडला तर तो कोणत्या खात्यात बिघडला हे शोधून काढता येते. ओझच्या दुसऱ्या भागाच्या बाबतीत ते शोधून काढण्याइतका पुरावा उपलब्ध आहे, म्हणून आम्ही हे उदाहरण निवडले.

प्रथम पहिल्या भागाची ओळख थोडक्यात करून घेऊ. कॅन्सस प्रांतातली डोरोथी नावाची एक लहान मुलगी वादळात घरासकट उडून ओझ नावाच्या देशात जाऊन पडते. घरी परतण्याचा मार्ग शोधताना तिला तीन सोबती भेटतात : मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य हवे असलेला भित्रा सिंह. पाचूनगरीतला ज्या थोर जादूगाराकडे ते मोठ्या आशेने जातात तो निव्वळ बोलघेवडा ठरतो. आणि ज्या गुणांसाठी ही मंडळी वणवण करत होती ते गुण वाटेतल्या संकटांत त्यांनी स्वतःच दाखवलेले असतात. गोष्ट साधी आहे. मुलांना आनंद देण्यापलीकडे आपला दुसरा हेतू नाही, असे लेखकाने प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले आहे. जॉर्ज एम. हिल या शिकागोच्या प्रकाशन संस्थेने ते पुस्तक काढले, आणि डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो या चित्रकाराने त्याला रंगीत चित्रांनी नटवले. मजकुरावर लेखकाचा हक्क आणि चित्रांवर चित्रकाराचा, अशी मालकीची वाटणी होती. या वाटणीने पुढे दोघांत वाकडे आले.

येथे एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे. १९६४ साली हेन्री लिटलफील्ड नावाच्या एका अमेरिकन शाळामास्तरांनी असा लेख लिहिला की ही सारी कथा त्या काळच्या शेतकरी-कामगार राजकारणाचे रूपक आहे. बुजगावणे म्हणजे शेतकरी, पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोन्याचे चलन, डोरोथीचे रुपेरी जोडे म्हणजे चांदीचे चलन. आणि पत्र्याचा लाकूडतोड्या? तो तर मूळचा हाडामांसाचा माणूस. चेटकिणीने मंतरलेली कुऱ्हाड त्याचा एकेक अवयव तोडत गेली आणि लोहार त्या जागी पत्रा बसवत गेला. तेव्हा तो म्हणजे यंत्राने माणूसपण हिरावून घेतलेला कामगार! आमच्यासारख्याला हा अर्थ किती गोड लागत असेल हे सांगायला नको. परंतु गोड लागते म्हणून ते खरे ठरत नाही. बॉमच्या मनात असे काही असल्याचा पुरावा पुढच्या संशोधकांना सापडला नाही, आणि स्वतः लिटलफील्ड यांनीही पुढे ते मान्य केले. कामगारांचा इतिहास या गोष्टीत शोधायचाच असेल तर तो पत्र्याच्या माणसात शोधू नये. लेखकाच्या करारांत, देण्यांत आणि मिळकतीत शोधावा. तेथे तो भरपूर आहे.

पहिल्या भागानंतर लगेच दुसरा आला असे नाही. मध्ये चार वर्षे गेली आणि त्या चार वर्षांत एक मोठी गोष्ट घडली. १९०२ च्या जून महिन्यात शिकागोच्या ग्रँड ऑपेरा हाऊसमध्ये ‘ओझचा जादूगार’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. दिग्दर्शक ज्युलियन मिचेल यांनी बॉमने लिहिलेली संहिता पार बदलून घेतली. पुस्तकातली दुष्ट चेटकीण नाटकात उरली नाही. डोरोथीच्या कुत्र्याच्या जागी इमोजीन नावाची गाय आली. डोरोथी लहान मुलगी न राहता उपवर तरुणी झाली, आणि भित्र्या सिंहाचे काम अगदी किरकोळ होऊन गेले. नाटक तोलून धरले ते दोन विनोदी नटांनी. फ्रेड स्टोन बुजगावणे होई आणि डेव्हिड माँटगोमेरी पत्र्याचा लाकूडतोड्या. या जोडीने प्रेक्षकांना वेड लावले. १९०३ च्या जानेवारीत नाटक न्यूयॉर्कला गेले, आणि पुढे कित्येक वर्षे गावोगाव त्याचे प्रयोग होत राहिले.

बॉमला या फेरफारांचा प्रथम राग आला होता. पण तिकिटांची विक्री पाहून त्याचे मत पालटले. १९०४ साली त्याने शिकागोच्या वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिले की मिचेल यांच्या दृष्टीकडे आपण आता वेगळ्या नजरेने पाहतो; लोकांना जे आवडते तेच त्यांना हवे असते. हे वाक्य मनात धरून ठेवावे. ते लिहिले गेले त्याच वर्षी ओझचा दुसरा भाग छापून बाहेर पडला.

दरम्यान व्यवहाराची बाजूही बदलली होती. १९०२ साली हिल यांची संस्था दिवाळ्यात गेली, आणि पहिल्या पुस्तकाचे प्रकाशन दुसऱ्या एका संस्थेकडे गेले. हिल यांच्याकडे पूर्वी नोकरीत असलेल्या रायली आणि ब्रिटन या दोघांनी शिकागोत आपली स्वतंत्र संस्था उभारली. नव्या संस्थेला पाय रोवण्यासाठी एक हमखास खपणारे पुस्तक हवे होते. बॉमलाही पैसा हवा होता. डेन्स्लोशी त्याचे बिनसले होते. डेन्स्लोने तर त्याच सुमारास बुजगावणे आणि पत्र्याचा माणूस यांना घेऊन आपले स्वतःचे निराळे पुस्तक काढले. तेव्हा नवा चित्रकार शोधला गेला. जॉन आर. नील हा तो तरुण चित्रकार. पुढे बॉमच्या ओझमालेतल्या सगळ्या पुस्तकांची चित्रे त्यानेच काढली.

अशा रीतीने १९०४ साली ‘ओझचा अद्भुत देश’ हे दुसरे पुस्तक वाचकांच्या हाती आले. चार वर्षे वाट पाहिलेल्या मुलाने ते उघडले तेव्हा त्याला त्यात काय दिसले? टिप नावाचा एक मुलगा मोंबी या चेटकिणीच्या घरी राबत असतो. तो भोपळ्याच्या डोक्याचा एक लाकडी माणूस तयार करतो आणि मोंबीच्या जवळचे संजीवनी चूर्ण त्याच्यावर पडून तो जिवंत होतो. त्याला घेऊन टिप पळतो. वाटेत एक लाकडाचा घोडा त्याच चूर्णाने चालू लागतो. पाचूनगरीत बुजगावणे राज्य करत असते. जिंजर नावाची तरुणी मुलींची फौज घेऊन चालून येते आणि त्याला पदच्युत करते. मग पत्र्याच्या लाकूडतोड्याची मदत, उडणारे एक विचित्र वाहन, संकटांमागून संकटे. शेवटी उघडकीस येते की राज्याची खरी वारस ओझ्मा हिला मोंबीने लहानपणीच मंत्राने मुलगा करून ठेवले होते, आणि ती ओझ्मा म्हणजेच टिप.

या साऱ्यात डोरोथी कोठे आहे? कोठेच नाही. तिचे नाव तेवढे बोलण्यात येते. भित्रा सिंह? तोही नाही. चार सोबत्यांपैकी परत आले ते दोघेच : बुजगावणे आणि पत्र्याचा लाकूडतोड्या. नाटकात ज्यांच्यावर टाळ्या पडत होत्या नेमके तेच दोघे.

हा योगायोग नव्हे. पुस्तकाची अर्पणपत्रिका पाहा. ती स्टोन आणि माँटगोमेरी या दोन नटांना आहे. प्रस्तावना पाहा. तीत बॉम सांगतो की एक लहान मुलगी लांबचा प्रवास करून आपल्याकडे आली, आणि हजार मुलींनी हजार पत्रे लिहून बुजगावण्याची आणि पत्र्याच्या लाकूडतोड्याची आणखी गोष्ट मागितली तर ती आपण लिहू, असे वचन आपण तिला दिले. तिचे नाव डोरोथीच होते, असेही तो सांगतो. पुढे पत्रे खरोखरच आली. आणि ती कशामुळे आली असावीत? एक तर ती मुलगी परी असली पाहिजे, नाही तर नाटकाच्या यशाने गोष्टीला नवे मित्र मिळाले असले पाहिजेत. बॉम असे हसत हसत लिहितो, पण त्या हसण्यात सारा खुलासा आहे. ज्या मुलीने येऊन गोष्ट मागितली तिचे नाव डोरोथी. आणि जी गोष्ट तिच्या हाती पडली तीतून डोरोथीच गहाळ!

संघटनेचे काम करणाऱ्याला मागणीपत्र ही वस्तू चांगली ओळखीची असते. मागणीपत्रे दोन प्रकारची असतात. एक फाटकापाशी सभा घेऊन, खात्याखात्यांतल्या माणसांना विचारून लिहिलेले. दुसरे कोणी मध्यस्थाने खोलीत बसून, वरच्यांना काय रुचेल याचा अंदाज घेऊन लिहिलेले. दोन्हींच्या खाली सह्या असतात, सह्या खऱ्याही असतात. पण दुसऱ्या प्रकारच्या मागणीपत्रातून जे मिळते ते घेऊन माणसे घरी जातात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नसते. बॉमकडे आलेली पत्रे खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. मुलांनी ती मनापासून लिहिली असतील. पण त्या पत्रांचा अर्थ बॉमने लावला तो नाट्यगृहाच्या दारात उभे राहून. मुलाची मागणी आणि लेखकाची लेखणी यांच्यामध्ये रंगभूमी मुकादमासारखी उभी राहिली. मुले त्या दोघांची आठवण काढत होती ती डोरोथीचे सोबती म्हणून. बॉमला ते दोघे दिसले ते तिकिटे खपवणारी जोडी म्हणून.

पुस्तक रंगभूमीवर डोळा ठेवून लिहिले गेले याच्या खुणा पानोपानी आहेत. जिंजरची फौज घ्या. चार रंगांच्या गणवेशांतल्या, हातात विणायच्या सुया घेतलेल्या मुली राजधानीवर चालून येतात. नगराचे रक्षण करायला हिरव्या दाढीमिशांचा एक म्हातारा शिपाई, आणि तो पळून जातो. हे दृश्य वाचावे आणि संगीत नाटकातल्या नाचणाऱ्या मुलींचा ताफा डोळ्यांपुढे आणावा. दोन्ही एकच आहेत. शेवटी टिपची ओझ्मा होते, तीही रंगभूमीचीच रीत. तेथल्या अद्भुत नाटकांत मुलाची भूमिका तरुण नटीने करायची प्रथा होती; तेव्हा मुलाची राजकन्या होणे हे प्रेक्षकांना एका क्षणात पटले असते.

जिंजरच्या बंडाविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण बंड हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आपण पुरुषांचे राज्य पुष्कळ सोसले, असे त्या मुली म्हणतात, आणि नगर जिंकल्यावर पुरुषांना झाडलोट, स्वयंपाक आणि मुले सांभाळणे यांना जुंपतात. एक दमलेला गृहस्थ म्हणतो की या कामाने आपण अगदी झिजून गेलो. बायकांना ते कसे जमत होते कोण जाणे. येथे बॉमच्या लेखणीत खरे बळ आहे; घरकाम हे कष्टाचे काम आहे ही गोष्ट त्याने १९०४ साली मुलांच्या पुस्तकात हसत हसत नमूद केली. परंतु लगेच त्या फौजेची उंदरांना भिऊन पळापळ होते, आणि अखेरीस, नवऱ्यांच्या हातचे खाऊन कंटाळलेल्या बायका जिंजरच्या पराभवाने आनंदित होतात. हा थट्टेचा भाग वाचून आश्चर्य वाटते, कारण बॉम स्त्रियांच्या मताधिकाराचा विरोधक नव्हता. अ‍ॅबरडीनच्या मताधिकार मंडळाचा तो चिटणीस होता, आणि त्याच्या सासूबाई मटिल्डा जॉस्लिन गेज या त्या चळवळीच्या अग्रणींपैकी एक. माणसाची मते एकाच सुताची विणलेली नसतात हे खरे. याच बॉमने अ‍ॅबरडीनच्या वर्तमानपत्रात तेथल्या मूळ रहिवाशांचा समूळ नाश करावा असे अग्रलेख लिहिले होते, आणि तो डाग पुसला जाण्यासारखा नाही. पण जिंजरच्या बाबतीत आमचे मत असे की तेथे बॉमची मते फारशी बोलतच नाहीत. बोलते ती रंगभूमी. हशा मिळवायचा तर बंड पोकळ ठरले पाहिजे. म्हणून एक चांगला प्रश्न उभा करून लेखकाने तो उंदरांच्या तोंडी दिला.

आता वॉगल-बगची गोष्ट. हा एक किडा. शाळेच्या चुलीपाशी राहून मास्तरांचे धडे ऐकत ऐकत तो विद्वान होतो, आणि एके दिवशी भिंगाखाली मोठा करून पडद्यावर दाखवला असता तेवढाच मोठा राहून पळ काढतो. आपल्या नावामागे तो ‘पूर्ण शिक्षित’ अशी पदवी लावतो आणि सोबत्यांना शाब्दिक कोट्या ऐकवून बेजार करतो. ज्यांचे शिक्षण आमच्यासारखे दुसऱ्यांच्या धड्यांच्या कडेला बसून झाले त्यांनी हे पात्र थोडे सावधपणे वाचावे! असो. बॉमला या किड्यापासून मोठ्या आशा होत्या. १९०४ च्या उत्तरार्धात वर्तमानपत्रांतून ओझमधल्या पाहुण्यांची सचित्र मालिका सुरू झाली. वॉगल-बग काय म्हणाला, हे ओळखणाऱ्याला बक्षिसे लावण्यात आली. पुस्तक, वर्तमानपत्र, बक्षिसे आणि मागाहून नाटक असा साऱ्या बाजूंनी एकाच मालाचा बाजार मांडण्याचा तो बेत होता. आजच्या जाहिरातदारांना तो ओळखीचा वाटेल.

१८ जून १९०५ रोजी शिकागोच्या गॅरिक नाट्यगृहात ‘वॉगल-बग’ हे संगीत नाटक लागले. ते महिनाभरही चालले नाही. टीकाकारांना ते पहिल्या नाटकाची नक्कल वाटले. आणि सर्वांत मोठा विपर्यास पुढेच आहे. ज्या दोन नटांना डोळ्यांपुढे ठेवून पुस्तक लिहिले आणि अर्पण केले ते दोघे या नाटकात आलेच नाहीत. ते पहिल्याच नाटकात रमले, आणि १९०६ साली ‘लाल गिरणी’ या दुसऱ्याच संगीत नाटकात उतरले. ते नाहीत म्हटल्यावर बुजगावणे आणि पत्र्याचा लाकूडतोड्या ही दोन्ही पात्रे नाटकातून गाळून टाकण्यात आली. ज्यांच्यासाठी डोरोथीला घरी बसवले ते दोघेही शेवटी गेले.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. ‘ओझचा अद्भुत देश’ हे पुस्तक टाकाऊ नाही. ते चांगले खपले, नव्या प्रकाशन संस्थेचा पाया त्याने घातला, आणि आज कित्येक जाणकार त्याची गणना ओझमालेतल्या सरस पुस्तकांत करतात. भोपळ्याच्या डोक्याचा जॅक आपले डोके कधी नासेल या भीतीने सदा काळजीत असतो, हे चित्र कोणत्याही थोर विनोदी लेखकाला शोभावे. पडले ते नाटक. पुस्तकातला अपेक्षाभंग निराळ्या जातीचा होता. जेवण रुचकर होते. पण ज्याची वाट पाहिली तो पाहुणाच पंगतीला नव्हता. मुले लेखकाला विसरली नाहीत, रागावली नाहीत. त्यांनी पुन्हा पत्रे लिहिली.

या वेळी बॉमने ती नीट वाचली. १९०७ साली ‘ओझची ओझ्मा’ हे तिसरे पुस्तक निघाले. त्याच्या प्रस्तावनेत बॉम सरळ सांगतो की मुलांना डोरोथीविषयी आणखी ऐकायचे आहे, भित्र्या सिंहाचे काय झाले हे ती विचारतात, डोरोथी आणि ओझ्मा यांची भेट व्हावी असे सुचवतात. आणि या सूचनांप्रमाणे आपण हे पुस्तक लिहिले आहे. तिसऱ्या पुस्तकात डोरोथी परत आली, सिंह आला, ओझ्माशी तिची मैत्री झाली. दुसऱ्या भागात जे उत्तम होते तेही वाया गेले नाही. ओझ्मा त्यातूनच आली होती. मध्ये मुकादम नसला की मागणी कशी पोहोचते याचा हा नमुना आहे. एक नाटक पडले म्हणून एका लेखकाला आपले खरे वाचक सापडले, असे म्हटले तरी चालेल.

पण आमची हकीकत येथे गोड शेवट करून थांबवली तर ती अर्धवट राहील. वाचकांची मागणी मान्य केली की ती संपते असे नाही. १९०८ मध्ये आणखी एक ओझ, १९०९ मध्ये आणखी एक. बॉमला दुसरे देश, दुसऱ्या गोष्टी लिहायच्या होत्या. १९१० साली ‘ओझची पाचूनगरी’ या सहाव्या पुस्तकात त्याने माला बंद करण्याचा निश्चय केला. त्या पुस्तकात कर्जापायी शेत जाण्याची वेळ आलेले डोरोथीचे काका-काकू ओझमध्ये कायमचे राहायला येतात. त्यातच ओझच्या अर्थव्यवस्थेचे वर्णन आहे : तेथे पैसा नाही, श्रीमंत नाही, गरीब नाही, प्रत्येक जण अर्धा वेळ काम करतो, अर्धा वेळ खेळतो, आणि कामातही त्याला खेळाइतकाच आनंद असतो. आम्ही अनेक जाहीरनामे वाचले आहेत. इतका थोडक्यात आणि इतका नेटका फार थोड्यांत सापडेल. शेवटी तो देश मंत्राने जगापासून अदृश्य होतो, आणि यापुढे ओझची वार्ता मिळणार नाही, असे डोरोथी कळवते.

पैसा नसलेल्या देशाचे हे वर्णन छापून एक वर्षही झाले नाही तोच, १९११ च्या जून महिन्यात, त्याचा कर्ता दिवाळखोर ठरला. कारण पुन्हा रंगभूमीच. १९०८ साली चलच्चित्रे, रंगीत पारदर्शिका, वाद्यवृंद आणि स्वतःचे निवेदन असा एक खर्चिक कार्यक्रम घेऊन तो गावोगाव हिंडला होता, आणि त्या कार्यक्रमाने त्याला कर्जात बुडवले. पहिल्या ओझ पुस्तकाचे उत्पन्न धनकोंकडे वळले. १९११ आणि १९१२ साली त्याने समुद्रातल्या आणि आकाशातल्या देशांच्या दोन नव्या गोष्टी लिहून पाहिल्या. त्या ओझसारख्या खपल्या नाहीत. मग १९१३ साली तो ओझला परतला. देश तर अदृश्य झालेला; तेथली बातमी आणायची कशी? एका मुलाने युक्ती सुचवली की बिनतारी यंत्राने डोरोथीशी संपर्क साधावा. बॉमने ती उचलली, आणि १९१९ साली मृत्यू येईपर्यंत तो ओझच लिहीत राहिला. त्याची एकूण चौदा ओझ पुस्तके झाली. शेवटचे तो गेल्यावर १९२० साली निघाले. त्यानंतर प्रकाशकाने दुसऱ्या लेखिकेकडून माला चालू ठेवली. गिरणीतला कामगार दमला तरी पाळी चालूच राहते, तसेच हे.

याच नाट्याचा एक पडसाद पुढे पुष्कळ वर्षांनी उमटला. १९३९ साली पहिल्या पुस्तकावर निघालेला गाण्यांचा चित्रपट जगभर गाजला. १९८५ साली डिस्ने संस्थेने दुसरे आणि तिसरे अशी दोन पुस्तके एकत्र करून ‘ओझला परत’ हा चित्रपट काढला. त्यात टिपला वगळून डोरोथीला कथेच्या मध्यभागी ठेवले. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या मुलांची तक्रार एका परीने मान्य झाली. तरीही चित्रपट चालला नाही. लोक गाणी ऐकायला आले होते, आणि हा चित्रपट पुस्तकांना धरून गंभीर, काळोखा झाला होता. पहिल्या खेपेला नाटकाने पुस्तक बिघडवले; दुसऱ्या खेपेला पुस्तकाशी इमान राखल्याबद्दल प्रेक्षक नाराज झाले. दोन्ही वेळा घोळ एकच : मागणारा कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, हे देणाऱ्याने मधल्या कोणाच्या तरी यशावरून ठरवले, किंवा मागणाऱ्याने मधल्या यशावरून मोजले.

तेव्हा या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? लेखकाने वाचकांचे ऐकूच नये, असे काही पंडित म्हणतात. कलावंत स्वतंत्र असतो, इत्यादी. बॉमच्या हकीकतीवरून हे खरे ठरत नाही. मुलांचे ऐकले तेव्हा त्याचे लिहिणे सुधारले. उलट, वाचक मागतील ते देतच राहावे, हेही खरे नाही. त्या मार्गाने तो शेवटी आपल्याच कारखान्यातला रोजंदार झाला. आमच्या मते खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये आहे. मागणी ऐकावी, पण ती कोणाच्या तोंडून आपल्या कानी येते ते पाहावे. डोरोथी मागणाऱ्या मुलाला डोरोथी द्यावी; डोरोथीच्या नावावर विकल्या जाणाऱ्या तिकिटांना नव्हे. आणि ज्याने आनंद दिला त्याला कधी तरी थांबायची मुभाही द्यावी. आठ तासांचा दिवस आम्ही मागितला तो काही केवळ गिरणीकामगारांसाठी नव्हे.

शेवटी पालकांना आणि वाचनालयाच्या चालकांना एक विनंती. एखादे मूल दुसरा भाग परत करताना “मजा नाही आली” असे म्हणाले तर त्याला गप्प करू नका. काय नव्हते, कोण नव्हते, ते विचारा. ज्या वयात मूल आपला अपेक्षाभंग नेमक्या शब्दांत सांगायला शिकते त्याच वयात ते पुढचे मागणीपत्र लिहायलाही शिकते. शिकागोच्या प्रकाशकाला आणि लेखकाला १९०४ नंतर ज्यांनी वळणावर आणले ती कोणी विद्वान मंडळी नव्हती. ती पत्रे लिहिणारी मुले होती.